निनवेची पाटी आणि नोहाचे तारू

दिनांक 3 डिसेंबर 1872 रोजी लंडनमध्ये, बायबलशी संबंधित पुरातत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळाच्या सभेत जॉर्ज स्मिथ नावाच्या बत्तीस वर्षांच्या तरुणाने एक निबंध वाचला. श्रोत्यांत इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन जातीने हजर होते. स्मिथचे शालेय शिक्षण बेताचेच. नोटा छापण्याचे ठसे कोरणे हा त्याचा मूळ धंदा. फावल्या वेळात ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन तेथील मातीच्या पाट्यांवरची खिळ्यांच्या आकाराची लिपी तो आपली आपण वाचायला शिकला आणि पुढे त्याच संग्रहालयात चाकरीस लागला. त्या दिवशी त्याने सभेला सांगितले ते असे, की एका फुटक्या पाटीवर आपल्याला एका जहाजाची हकिगत सापडली आहे. ते जहाज एका डोंगराला जाऊन टेकले, त्यातून एक कबुतर सोडण्यात आले आणि पाय टेकायला जागा न मिळाल्याने ते परत आले.

ही पाटी निनवेची. योना संदेष्टा ज्या नगरीकडे जायला तयार नव्हता, तीच ही निनवे. अश्शूरचा राजा असुरबनिपाल याने इसवी सनापूर्वी सातव्या शतकात तेथे हजारो पाट्यांचा ग्रंथसंग्रह केला होता. इ. स. पू. 612 मध्ये शत्रूने नगर जाळले. पोथ्या असत्या तर राख झाल्या असत्या, पण मातीच्या पाट्या त्या आगीत भाजून अधिकच टणक झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लेयार्ड आणि त्याचा सहकारी होर्मुझ्द रस्साम यांनी त्या उकरून काढल्या. हा रस्साम मोसुलचा, म्हणजे निनवेच्या समोरच्याच तीरावरचा, तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजात जन्मलेला. इंग्रजी ग्रंथांत त्याच्या वाट्याला बराच काळ उपेक्षाच आली, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. स्मिथला पुढे एका वृत्तपत्राने एक हजार गिनी देऊन निनवेला धाडले आणि 1873 मध्ये त्याला जलप्रलयाच्या कथेचा आणखी एक तुकडा मिळालाही. 1876 मध्ये तिसऱ्या सफरीवरून परतताना आलेप्पो येथे तो वारला. वय अवघे छत्तीस.

तेव्हापासून या पाटीचे दोन तऱ्हांचे वाचन चालत आले आहे आणि दोन्ही आपल्या धर्मग्रामांपर्यंत येऊन पोहोचले आहे. महाविद्यालयात चार पुस्तके वाचून आलेला मुलगा जेवताना आईला सांगतो, की नोहाची गोष्ट बायबलची नव्हेच, ती बाबिलोनची. यहुद्यांनी ती उचलली. आई बिचारी गप्प बसते आणि रात्रीच्या रोझरीला मुलगा येत नाही. दुसरीकडे एखाद्या प्रार्थनासभेत वाटलेले पत्रक छातीठोकपणे सांगते, की अरारात पर्वतावर तारवाचे लाकूड सापडले, आता अविश्वासूंची तोंडे बंद झाली. वरवर पाहता हे एकमेकांचे वैरी. पण उत्पत्तीच्या पुस्तकाकडे दोघेही पंचनामा म्हणूनच पाहतात. एकाला तो बनावट वाटतो, दुसऱ्याला तो अस्सल ठरवायचा असतो. सहाव्या ते नवव्या अध्यायात एका लेखकाने काय लिहिले आहे, कोणते शब्द वापरले आहेत, ठाऊक असलेल्या कथेतले काय ठेवले आणि काय टाकले, हे पाहण्याची सवड कोणालाच नसते.

लाकडाचे आधी आटोपून घेऊ. फर्नांड नाव्हारा नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1955 मध्ये अरारातवरून एक तुळई आणली. कार्बन-परीक्षेत ते लाकूड ख्रिस्तोत्तर काळातले ठरले. चंद्रावर पाऊल ठेवून आलेले जेम्स आयर्विन यांनीही 1982 पासून त्या पर्वताच्या वाऱ्या केल्या आणि तारवाविनाच परतले. मुळात उत्पत्तीचा लेखक कोण्या एका शिखराचे नाव घेतच नाही. तो ‘अरारातचे पर्वत’ असे अनेकवचनी म्हणतो, म्हणजे उरार्तू नावाचा डोंगराळ मुलूख.

ऊरच्या खड्ड्याची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे. अब्राहाम ज्या नगरातून निघाला म्हणून आपण ओळखतो त्या ऊर येथे लिओनर्ड वूली यांनी 1922 ते 1934 पर्यंत उत्खनन केले. 1929 च्या सुमारास राजघराण्याच्या थडग्यांच्याही खाली खोदत असता खापऱ्यांचे थर एकाएकी संपले आणि पाण्याने वाहून आणलेला निव्वळ गाळ लागला. मजुरांना वाटले तळ आला. वूलींनी आणखी खोदविले. सुमारे तीन मीटर गाळाखाली पुन्हा खापऱ्या आणि गारगोटीची हत्यारे निघाली. वूली यांच्या पत्नी कॅथरीन यांनी तो खड्डा पाहून सहज म्हटले, की हा तर जलप्रलयच! वृत्तपत्रांना एवढे पुरे झाले. पुढे वेर्नर केलर यांचे बायबल इतिहासदृष्ट्या खरेच होते असे सांगणारे जर्मन पुस्तक 1955 मध्ये निघाले, त्यातून हा खड्डा जगभरच्या ख्रिस्ती घरांत गेला. परंतु ऊरपासून थोड्याच अंतरावरील एरिदू येथे तसला थर मिळाला नाही. कीश आणि शुरुप्पक येथे पुराचे थर मिळाले, पण ते ऊरच्या थरानंतर कित्येक शतकांनी साचलेले. म्हणजे जमीन एका प्रलयाची साक्ष देत नाही; ती अनेक पुरांची देते.

माझ्या मते ही साक्ष मोलाची आहे, आणि ती झिडकारण्याचे ख्रिस्ती माणसाला काही कारण नाही. टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या उत्तरेच्या पहाडांतील बर्फ वितळले की वसंतात, नेमक्या सुगीच्या तोंडावर फुगतात. मुलूख तळहातासारखा सपाट. पाणी शिरले की क्षितिजापर्यंत दुसरे काही दिसत नाही. अशा देशातच ‘सारी पृथ्वी बुडाली’ ही कथा जन्म घेते. यरुशलेम हे डोंगरावरचे, विहिरी-टाक्यांवर जगणारे नगर. तेथे माणसाला भीती अवर्षणाची. यहुदियाच्या टेकड्यांवर राहणाऱ्याच्या स्वप्नात येणारे हे पाणी नव्हे, ते दोन नद्यांच्या देशातून आले आहे. खुद्द उत्पत्तीचे पुस्तकही आपल्या पूर्वजांना त्याच देशातून निघालेले दाखवते.

ते आले कसे, याचाही माग पाट्यांवरून लागतो. स्मिथने वाचलेली पाटी ही गिल्गमेश महाकाव्याची अकरावी पाटी होय. त्यात प्रलयातून वाचलेल्या वृद्धाचे नाव उत्नपिष्टिम. त्याहून जुने अत्रहासिस नावाचे काव्य. त्याची उपलब्ध प्रत इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातील, आणि 1873 मध्ये स्मिथला मिळालेला तुकडा याच कथेचा निघाला. निप्पूर येथील सुमेरी पाटीत तोच पुरुष झिउसुद्र या नावाने भेटतो. आणखी एक पाटी आयर्विंग फिंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केली. तीत जहाज चक्क गोल आहे, नदीवर चालणाऱ्या टोपलीवजा होडीसारखे, आणि जनावरांच्या जोड्यांचाही उल्लेख आहे. कनान देशातच, मगिद्दो येथे, गिल्गमेश काव्याचा इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासचा एक तुकडा मिळाला आहे. म्हणजे बाबिलोनच्या बंदिवासाची वाट न पाहता ही कथा पॅलेस्टाइनच्या वाटेला लागली होती. शब्दही बोलतात. नोहाने तारवाला आतून-बाहेरून जे डांबर लावले, त्याला मूळ हिब्रूत त्या ठिकाणी ‘कोफेर’ असा विरळा शब्द आहे. बाबिलोनच्या पाट्यांत डांबराला ‘कुप्रु’ म्हणतात. तेव्हा कथा तिकडून आली हे मोकळेपणाने मान्य करावे. 1950 मध्ये परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात उत्पत्तीच्या पहिल्या अकरा अध्यायांविषयी लिहिताना, पवित्र लेखकांनी लोककथांतून काही घेतले असेल तर ते दैवी प्रेरणेच्या साह्याने, निवड आणि पारख करूनच घेतले, असे म्हटले आहे. त्याआधी 1943 मध्ये त्यांनीच पौर्वात्य प्राचीनांचे वाङ्मयप्रकार अभ्यासण्याचा आदेश दिला होता आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1965 मध्ये तोच पुढे चालविला. निवड आणि पारख हे दोन शब्द हाताशी धरून दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवल्या, तर काय दिसते?

पहिला प्रश्न: प्रलय का आला? अत्रहासिस काव्यात देवांनी आपले कष्ट वाचावेत म्हणून, एका देवाला मारून त्याचे रक्त मातीत कालवून, माणूस घडविला. माणसे वाढली, त्यांचा गलका वाढला, एन्लिल देवाची झोप मोडू लागली. रोगराई झाली, दुष्काळ झाला, शेवटी प्रलय. गिल्गमेशच्या अकराव्या पाटीत तर कारणच दिलेले नाही. (आपल्याकडे शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्याच्या कथेतही ते नाही, पूर येणार आहे एवढेच मासा सांगतो.) उत्पत्तीच्या लेखकाने गलका काढून टाकला आणि त्या जागी हिंसा हा शब्द ठेवला: पृथ्वी जुलमाने भरली होती. बाबिलोनचा देव माणसाच्या आवाजाला वैतागतो. इस्राएलचा परमेश्वर माणूस माणसाला काय करतो ते पाहून अंतःकरणात दुःखी होतो. प्रलयानंतरही हाच फरक. अत्रहासिसच्या अखेरीस देव माणसांची संख्या आवरण्याची तजवीज करतात: काही स्त्रिया वांझ राहाव्यात, तान्ही मुले पळवणारी एक हडळ असावी. नोहाला मात्र तारवातून उतरल्यावर मिळालेली पहिली आज्ञा फलद्रूप होण्याची, बहुगुणित होण्याची आहे. जुनी कथा जाणणाऱ्या श्रोत्याला ही आज्ञा थेट उत्तरासारखी ऐकू आली असेल.

दुसरे, दार कोणी लावले? उत्नपिष्टिमचे जहाज बंद करणारा एक नावाडी आहे. मोबदल्यात त्याला मालकाचा वाडा मिळतो, आणि लवकरच तो वाडा पाण्याखाली जाणार असतो. हा उपरोध मोठा झणझणीत आहे. उत्पत्तीत नावाडी नाही, सुकाणू नाही, शीड नाही. दार परमेश्वर स्वतः लावतो. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच अशी ही एक पेटी केवळ तरंगते. तिच्यासाठी हिब्रूत जो शब्द आहे तो जुन्या करारात अन्यत्र एकाच वस्तूला लागतो: बाळ मोशेला ज्यात ठेवून नाईल नदीत सोडले त्या लव्हाळ्याच्या पेटीला. आपण मराठीत एकीकडे तारू म्हणतो व दुसरीकडे पेटारा किंवा टोपली, त्यामुळे हे नाते आपल्या कानांना कळत नाही. मूळ वाचकाला ते कळत होते.

तिसरी जागा सर्वांत नाजूक आहे. पाणी ओसरल्यावर उत्नपिष्टिम यज्ञ करतो. माणसे बुडाल्यामुळे इतके दिवस नैवेद्य बंद. भुकेलेले देव सुगंध येताच यजमानाभोवती माश्यांसारखे गोळा होतात. एवढे धारदार चित्र प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल. आता उत्पत्तीचा आठवा अध्याय पाहावा. नोहा वेदी बांधतो, होमार्पण करतो आणि परमेश्वर तो सुवास घेतो. माश्या गेल्या, भूक गेली, देवांची गर्दी गेली. सुवास तेवढा राहिला. येथे लेखकाच्या हातून जुन्या कथेचा एक धागा सुटलेला नाही, असे मला वाटते. तो मुद्दाम ठेवला आहे, कारण लगेच पुढे परमेश्वर जे मनाशी बोलतो ते चकित करणारे आहे. मनुष्याच्या मनाची घडण बालपणापासून वाईटच आहे म्हणून मी पृथ्वीला पुन्हा शाप देणार नाही, असा त्याचा आशय. पण सहाव्या अध्यायात प्रलय आणण्याचे कारणही हेच होते! माणूस प्रलयाने सुधारलेला नाही. जे कारण शिक्षेचे होते तेच आता क्षमेचे झाले आहे. बदल झाला असेल तर तो परमेश्वराच्या निश्चयात. चाळीसीच्या पहिल्या रविवारी, ‘ब’ वर्षात, आपण मेघधनुष्याच्या कराराचे वाचन ऐकतो. त्याआधीचे हे वाक्य त्या वाचनात येत नाही, म्हणून करार वाजवीपेक्षा गोड वाटतो. तो बिघडलेल्या माणसाशी केलेला करार आहे, हे धनुष्य पाहताना ध्यानात राहत नाही.

हे सारे लिहिले म्हणजे उत्पत्तीची कथा प्रत्येक बाबतीत सरस, असे ठरवायचे नाही. बाबिलोनी कवीपाशी एक गोष्ट आहे जी आपल्या लेखकापाशी नाही. वादळ शमल्यावर उत्नपिष्टिम झरोका उघडतो, सगळी मानवजात मातीला मिळालेली पाहतो, खाली बसतो आणि रडतो. इश्तार देवी प्रसूतिवेदना झाल्यासारखी आक्रंदते: आपणच जन्माला घातलेली माणसे माशांच्या पिलांसारखी समुद्रात भरली आहेत. नोहा रडत नाही. तो बोलतही नाही. शंभर वेळा ऐकलेल्या या कथेत आपल्या लक्षात येत नाही, की जहाज बांधताना, आत शिरताना, कबुतर सोडताना, वेदीपुढे, कोठेही नोहाच्या तोंडी एक शब्द नाही. सदोमसाठी अब्राहाम परमेश्वराशी घासाघीस करतो. नोहा आपल्या शेजाऱ्यांसाठी अवाक्षर काढत नाही. आज्ञाधारकपणाचे हे चित्र आहे हे खरे. पण त्याचा थंडपणा वाचकाला बोचला तर तो वाचकाचा दोष नव्हे. मेलेल्यांचे दुःख या कथेत कोणाला असेल तर ते प्रलयापूर्वी, परमेश्वरालाच.

शिवाय रचनाही सलग नाही. एका ठिकाणी प्रत्येक जातीची एक जोडी आत घ्यायची, दुसऱ्या ठिकाणी शुद्ध पशूंच्या सात. कोठे चाळीस दिवस, कोठे दीडशे. दोन परंपरा एकत्र विणल्याचे हे उघड टाके आहेत. ज्याने त्या विणल्या त्याला ही विसंगती दिसत नव्हती असे मानणे म्हणजे त्याला आपल्याहून अडाणी ठरविणे. त्याने दोन्ही वारसे पवित्र मानले आणि एकासाठी दुसरा खोडला नाही. पंचनामा लिहिणारा असे कधीच करणार नाही.

राहता राहिला चोरीचा आरोप. तो नवा नाही. 1902 मध्ये बर्लिनला फ्रीड्रिख डेलिच या पंडिताने सम्राटासमोर व्याख्यान देऊन बायबलचे ऋण बाबिलोनच्या खाती मांडले. पुढे वीस वर्षांनी तोच पंडित जुना करार हीच एक फसवणूक आहे असे प्रतिपादू लागला, आणि त्या लेखनातला यहुदीद्वेष लपणारा नव्हता. ऋणाचा हिशेब करता करता ऋणकोलाच हाकलून देण्यापर्यंत मजल गेली. मराठी ख्रिस्ती वाचकाला या आरोपाचा विचार करण्यासाठी बर्लिनला जाण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराचीच कथा आहे. छंद ओवीचा, घाट पुराणाचा, स्वर्गाला शब्द वैकुंठ. हा सारा ऐवज या भूमीतल्या दुसऱ्या श्रद्धेच्या कवींनी घडविलेला. म्हणून ख्रिस्तपुराण ही नक्कल आहे, असे कोणी जाणता टीकाकार म्हणत नाही. लोकांच्या कानात जो घाट बसला होता त्यातच नवी वार्ता ओतली, यासाठीच आपण त्यांचा गौरव करतो. तुलना पुरती जुळत नाही हे खरे. स्टीफन्स यांनी भाषा आणि घाट घेतला, प्रसंग घेतले नाहीत. उत्पत्तीच्या लेखकाने प्रसंगही घेतले, पक्षीसुद्धा घेतले. त्याचे धाडस मोठे आहे. शेजाऱ्याच्या देवांची गोष्ट घेऊन, तिच्यातून ते देव काढून, ती गोष्ट उभी राहते की नाही हे त्याने पाहिले.

उरतो शेवट. गिल्गमेश काव्यात प्रलयकथा मुळात एका शोकाकुल राजाला सांगितलेली आहे. मित्राच्या मरणाने हादरलेला गिल्गमेश अमरत्वाचे रहस्य विचारायला आला आहे, आणि उत्नपिष्टिम त्याला प्रलयाची हकिगत सांगतो ती हे पटविण्यासाठी, की मला अमरत्व मिळाले ते एका अपूर्व प्रसंगामुळे. तुझ्यासाठी देवांची सभा पुन्हा कोण भरविणार? तारुण्य परत देणारी वनस्पतीही वाटेत साप गिळतो आणि राजा रिकाम्या हातांनी आपल्या नगराच्या तटापाशी येतो. नोहाला अमरत्व मिळत नाही. तो द्राक्षमळा लावतो, द्राक्षारस पिऊन तर्र होतो आणि तंबूत उघडा पडतो. त्याचे दोन मुलगे खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत जातात आणि मान वळवून, न पाहता, ते त्याच्यावर घालतात. जाग आल्यावर नोहा या कथेत प्रथमच तोंड उघडतो. त्याचा पहिला शब्द शापाचा आहे, आणि तो त्याच्या नातवाला लागतो.